सरकारवाडा बघायचा कसा, आणि आपल्या वाड्याचे खांब वाचवायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: सराफ बाजारातला सरकारवाडा बघायला गेलो, अर्ध्या तासात बाहेर पडलो. नक्षी सुंदर आहे एवढेच कळले. त्यात नेमके कसब कुठे आहे? आणि जुन्या नाशकातल्या आमच्या छोट्या वाड्याचेही खांब तसेच आहेत, तळाशी भुसा पडतो, भिंतीला पोपडे धरलेत. मिस्त्री म्हणतो, सिमेंट मारून ऑइलपेंट देऊ. देऊ का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: नका देऊ. का नाही, ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. वाडा उभा कशावर आहे हे एकदा कळले की दुरुस्तीत काय करायचे नाही ते आपोआप कळते.

पेशवाईतला हा वाडा. इंग्रजी अमलात इथे सरकारी कचेऱ्या होत्या. आता ते राज्य संरक्षित स्मारक आहे आणि आत प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. बहुतेक लोक आत जाऊन काचेच्या कपाटांतल्या वस्तू बघतात आणि ज्या खांबाला टेकून उभे असतात त्याच्याकडे पाठ करतात. तिथली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे तो वाडाच.

बघायची माझी रीत उलटी आहे. नक्षी कुठे आहे ते शोधू नका, ती दिसतेच. नक्षी कुठे थांबली ते शोधा. लाकूड जिथे कोरे सोडले आहे तिथे भार आहे. सुताराला कोरायचा कंटाळा आला म्हणून ती जागा रिकामी राहिलेली नाही. तिथला इंचभर लाकूडही त्याला घालवायचा नव्हता.

एकच खांब घ्या आणि त्याच्यासमोर दहा मिनिटे उभे राहा. सगळ्यात खाली दगडी तळखडा. लाकडी खांब कधीही थेट जमिनीत पुरलेला नसतो, तो घडीव दगडावर उभा असतो. लाकूड आडव्या तोंडाने, म्हणजे जिथे रेषा कापल्या जातात तिथून, पाणी सर्वात जास्त पिते. स्पंजसारखेच म्हणा ना. खांबाचे बूड म्हणजे असेच कापलेले तोंड. जोत्याच्या काळ्या पाषाणातून ओल फारशी वर चढत नाही, कारण घट्ट बसाल्ट पाणी नगण्य शोषतो. म्हणून दगड मध्ये घातला की खांबाचे पाय कोरडे. तळखड्याची कड साधारण बाहेरच्या बाजूला उतरती किंवा गोलवलेली असते, फरशी धुतली तरी पाणी बुडाशी साचू नये म्हणून. शोभेची वाटणारी ही गोलाई नाल्याचे काम करते.

त्यावर खांब. पेशवेकाळातला ओळखीचा प्रकार म्हणजे सुरूदार: सुरूच्या झाडासारखा खाली फुगीर, वर निमुळता होत जाणारा, बुडाशी कमळाच्या पाकळ्या किंवा कलशाचा आकार. हा घाट मोगल इमारतींतून आला. तिकडे तो दगडात होता, इकडे सागवानात उतरला आणि सुतारांनी तो आपलासा केला. आता नजर वर सरकवत न्या. पाकळ्या, पानांच्या रांगा, मग बारीक पट्टे, आणि अगदी डोक्याशी एक चौकोनी, जवळजवळ कोरा ठोकळा. नक्षी इथे थांबली. का, ते वर काय बसले आहे ते पाहिले की कळते.

खांबाच्या डोक्यावर कुसू काढलेले असते, म्हणजे खांबाचाच बारीक केलेला चौकोनी दांडा. ते वरच्या हस्ताच्या भोकात बसते. हस्त म्हणजे खांबावरचा आडवा ठोकळा, दोन्ही बाजूंना हात पसरलेला. त्या हातांवर तुळई, म्हणजे मजल्याचा भार घेणारे जाड आडवे लाकूड, टेकते. हस्ताच्या टोकांना केळफूल, कमळाची कळी किंवा नागमोडी वळण कोरलेले दिसेल. टोकाला कोरायला हरकत नव्हती, तिथे दाब कमी. पण हस्ताच्या मध्यावर, कुसवाच्या बरोबर वर, लाकूड भरीव ठेवलेले असते.

हस्त नुसता शोभेचा नाही हे आकड्यांत सांगतो. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात. समजा खण ७ फुटांचा आहे आणि दोन्हीकडचे हस्त एकेक फूट पुढे आले आहेत. तुळईला आधाराविना पार करायचे अंतर उरले ५ फूट. वाकण्याचा ताण अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५ चा वर्ग २५, ७ चा ४९. म्हणजे ताण जवळपास निम्म्यावर आला. तुळई मधोमध झुकण्याचे प्रमाण तर अंतराच्या चौथ्या घातावर चालते, ते चौथाईवर येते. प्रत्यक्षात हस्त थोडा दबतो, सांधा थोडा हलतो, त्यामुळे फायदा कागदावरच्यापेक्षा कमी मिळतो. पण तेवढ्याच जाडीच्या तुळईवर शंभर-दोनशे वर्षे माडी उभी राहते त्याचे गणित हे आहे. त्या सुताराला चौथा घात माहीत असण्याचे कारण नव्हते. हस्त किती पुढे काढायचा हे मात्र त्याला नेमके माहीत होते.

आता खांबांमधल्या महिरपी. वाड्यात आलेला पाहुणा पहिला फोटो त्यांचा काढतो. गंमत अशी की या लाकडी महिरपी काहीही उचलत नाहीत. त्या फळ्यांच्या आहेत, दोन खांबांच्या मध्ये, तुळईच्या खाली बसवलेल्या. काढून ठेवल्या तरी वाडा जागचा हलणार नाही. म्हणूनच सुताराने तिथे हात मोकळा सोडला: पाकळीदार कड, वेलबुट्टी, कोपऱ्यांत फुले. शहरातल्या ब्रिटिशकालीन दगडी इमारतींत कमान दिसली तर तिथे उलट प्रकार असतो. कमानीचे पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांना दाबून भार पेलतात, मधला किल्लीचा दगड काढला तर कमान कोसळते. दोन्हींना आपण कमानच म्हणतो. एक काम करते आणि दुसरी मिरवते, आणि मिरवणारीचे कोरीव काम साहजिकच जास्त देखणे.

टाकीचे आणि पटाशीचे (सुताराच्या छिन्नीचे) घाव बघायचे तर सकाळची तिरपी उन्हे पडत असताना जा, नाहीतर मोबाइलचा टॉर्च लाकडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. समोरून प्रकाश टाकला की सगळे सपाट दिसते. बाजूने टाकला की प्रत्येक पाकळीच्या पोटात पटाशी कुठून शिरली, कुठे वळली ते उठून येते. डावीकडची पाकळी आणि उजवीकडची पाकळी हुबेहूब नसते. हातकामाची ही खूण आहे. मशीनवर कोरलेल्या नव्या दारांत दोन्ही पाकळ्या सूतभरही वेगळ्या नसतात, आणि म्हणूनच ती दारे मेल्यासारखी दिसतात. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराचे माप अजून त्यातच चालते.) हात मात्र लावू नका. राज्य संरक्षित स्मारकाला १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू आहे, आणि कायदा नसता तरी रोज शंभर हातांचा घाम लाकडाला चांगला नसतो.

वर बघा: कडीपाट. तुळयांवर आडव्या कड्या, साधारण ९ इंच ते फूटभर अंतराने, त्यावर पाट म्हणजे फळ्या, आणि त्यावर माती किंवा वीट-चुन्याचा थर. दिवाणखान्यासारख्या मानाच्या जागी कड्या झाकून खालून फळ्यांची तख्तपोशी केलेली असते. ती सुंदर दिसते, पण वाडामालकांसाठी एक सूचना: तख्तपोशीच्या वरचे काही दिसत नाही. वाळवी, गळती, उंदीर सगळे तिथेच.

दगडाबद्दल थोडक्यात. नाशकात दगडाला तोटा नाही, सगळा जिल्हाच बसाल्टवर बसला आहे. पण सगळा दगड सारखा नाही. काही थर घट्ट, काहींत बुडबुड्यांची भोके आणि त्यांत पांढरी खनिजे भरलेली. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींतली ही खनिजे जगभरचे संग्राहक घेऊन जातात, पण पाथरवटाला तो दगड नको असतो. काळारामाच्या मंदिराचा दगड उकळत्या दुधात टाकून पारखला, अशी गोष्ट नाशकात सांगतात. पाथरवटाची रोजची परीक्षा सोपी आहे: हातोडी मारली की घंटेसारखा खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर आत तडा किंवा भुसभुशीत थर आहे.

पांडवलेण्यांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. लेणे क्रमांक ३ च्या ओसरीखाली यक्ष लाकडी तुळयांची टोके खांद्यावर पेलून बसलेत. लाकडी म्हणजे दगडात कोरलेल्या लाकडी तुळयांची. अख्खा डोंगर वर असताना तुळईची गरजच नव्हती. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या डोळ्यांत घर म्हणजे लाकडाचेच घर होते. सरकारवाडा बघून झाल्यावर त्याच दिवशी तिथे जा, जोडी छान जमते.

आता तुमच्या वाड्याकडे.

पहिली गोष्ट ओल. जुने नाशिक नदीकाठी. पुराचा अंदाज विचारताना नाशिककर पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आले ते विचारतो, आणि पूर मोठा असला की सरकारवाड्याच्या पायऱ्यांचे नाव निघते. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सराफ बाजारात पाणी शिरले होते. अशा पाण्यात भिंत काही तासांत भिजते आणि वाळायला काही महिने घेते. ती वाळताना पाणी पृष्ठभागावर येऊन उडते आणि सोबत आणलेला क्षार तिथे सोडते. पांढरी लव दिसते ती हीच. चुन्याचा गिलावा श्वास घेतो: पाणी बाहेर जाऊ देतो, क्षार स्वतःवर घेतो, स्वतः झडतो आणि वीट वाचवतो. पंधरा-वीस वर्षांनी गिलावा बदलायचा, भिंत तशीच राहते.

त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की बाहेर पडायची वाट बंद. पाणी गिलाव्याच्या मागे अडते आणि वाट शोधत वर चढते. पूर्वी फूटभर असलेली ओलीची रेघ चार फुटांवर जाते. क्षार विटेच्या पोटात साठतात आणि वीट भुग्यासारखी होते. एके दिवशी सिमेंटची अखंड पाटी सुटून पडते, विटेचा दर्शनी थर सोबत घेऊनच. आणि भिंतीत लपलेले लाकडी खांब, जे वाड्याच्या जाड भिंतींत असतातच, ते आतल्या आत कुजतात. मिस्त्रीला दिसते ते पोपडे. तुम्हाला भीती वाटायला हवी ती न दिसणाऱ्या खांबाची.

तुमचे पोपडे सिमेंटचे की चुन्याचे ते आधी ओळखा. खिळ्याने ओरखडा काढा. चुना असेल तर पांढरी पूड निघते आणि खिळा रुततो. सिमेंट असेल तर करडी रेघ उठते आणि खिळा घसरतो. मग मुठीच्या हाडांनी भिंत वाजवत जा, पोकळ आवाजाची जागा खडूने आखून घ्या. पोकळ तेवढेच काढायचे, घट्ट आहे ते सोडायचे. ब्रेकर मशीन नको, छिन्नी-हातोडीच.

चुन्याचे काम असे. भट्टीतला कळीचा चुना पाण्यात विझवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या, जास्त मुरला तर अधिक चांगला. घाईने विझवलेल्या चुन्यात न विझलेले खडे राहतात, ते गिलाव्यात बसल्यावर विझतात, फुगतात आणि देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडतात. जोडकामासाठी चुना, सुर्खी आणि रेती समान मापाने. गिलाव्यासाठी रेती दुप्पट चालते. सुर्खी म्हणजे नीट भाजलेल्या विटेची पूड. मशीनच्या विटेची नको. पूर्वी हा माल बैलाच्या घाण्यात मळत, आता मिक्सर चालतो, पण वेळ द्यावा लागतो. पाणी ओतून पातळ केलेला माल भेगाळतो. गुळाचे पाणी घातले तर माल हाताला सुटतो, पण जास्त घातले तर घट्ट व्हायला उशीर आणि वर मुंग्या. एक थर १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. दुसरा थर पहिला घट्ट झाल्यावरच, मध्ये आठवडा जाऊ द्या. दोन आठवडे गोणपाट ओले ठेवून सावली द्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला थोडी ओल लागते. उन्हात एका दिवसात सुकवला तर तो घट्ट होत नाही, नुसता कोरडा होतो. नाशकात या कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. एप्रिल-मेमध्ये चुन्याला हात लावू नका.

आता खांबाचे बूड. भुसा बारीक पिठासारखा पडतो की मातीच्या नळ्या दिसतात ते बघा. पीठ आणि टाचणीएवढी भोके म्हणजे भुंगेरा. मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी, आणि ती जमिनीतून येते. खांबाला औषध मारून ती थांबत नाही, जमीन आणि जोत्याचे काम आधी करावे लागते. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, त्यातला तेलकट अंश तिला आवडत नाही. पण गाभ्याबाहेरचा पांढरट थर ती आनंदाने खाते. म्हणून बाहेरून भयंकर दिसणारा खांब आतून धडधाकट निघू शकतो, आणि याच्या उलटही घडते.

तपासायचे असे: बारीक स्क्रू-ड्रायव्हर बुडापासून वर दर चार इंचांवर दाबून बघा. जिथे सेंटिमीटरपेक्षा जास्त सहज शिरतो तिथवर लाकूड गेलेले. सर्वात सापडणारे कारण म्हणजे फरशी. जुन्या शहाबादीवर नवे सिमेंट आणि टाइल टाकताना तळखडा झाकला जातो, जमीन खांबाच्या लाकडापर्यंत येते, आणि पोछाचे पाणी रोज बुडाशी मुरते. दुरुस्तीचे पहिले पाऊल म्हणून खांबाभोवतीची टाइल चार इंच तोडा आणि तळखडा मोकळा करा. कित्येकदा एवढ्यावरच ओल थांबते.

बूड खरेच गेले असेल तर अख्खा खांब बदलू नका. दोन्ही बाजूंच्या तुळयांना टेकू द्या, खाली फळी टाकून भार पसरवा, स्क्रू जॅकने वजन फक्त उचलून धरा. तुळई वर ढकलू नका, नाहीतर माडीवरच्या भिंतीला तडे. कुजलेला भाग पूर्ण कापा, वर निरोगी लाकूड लागेपर्यंत. नवा तुकडा जुन्याच सागवानाचा, पाडलेल्या वाड्यांचे लाकूड वखारीत मिळते. ओलावा मीटरने मोजून १० ते १४ टक्क्यांत हवा. तिरपा सांधा घ्या, त्याची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट, आणि लाकडी खुंट्यांनी बंद करा. लोखंडी बोल्ट लागलाच तर स्टेनलेस. साधे लोखंड गंजले की फुगते, सागवान चिरते आणि भोवती काळे डाग धरतात.

माडीवर नवी फरशी घालायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. ३ इंचांचा काँक्रीटचा थर म्हणजे चौरस फुटाला साधारण १७ किलो. १० बाय १२ च्या खोलीवर ते दोन टन होतात, आणि कडीपाट आधीच मातीचा थर उचलतो आहे. जुनी माती काढून हलका थर टाकला तर गोष्ट वेगळी.

ऑइलपेंट लाकडावरही नको, असेल तर काढा. केमिकल रिमूव्हर लावून मऊ पात्याने किंवा बांबूच्या कामटीने. ब्लोटॉर्च, कॉस्टिक सोडा, सँडब्लास्टिंग यांतले काहीही नको. कोरीव कामाच्या कडा एकदा गेल्या की परत येत नाहीत. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा कोरडे घासू नका, मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा. नंतर जवसाचे तेल, पहिला हात टर्पेंटाइनमध्ये अर्धे-अर्धे करून, दुसरा कमी पातळ. जास्तीचे तेल अर्ध्या तासात पुसून घ्या, नाहीतर चिकट थर बसून धूळ धरतो. पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि चुरगळलेली चिंधी काही तासांत आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा. लाकडी वाड्यात तर हे कामगारांना रोज संध्याकाळी सांगावे.

भिंतीतल्या तड्यांचे काय? सगळे तडे धोक्याचे नसतात. लाकडी सांगाडा थोडा हलतो, भिंत त्याच्याबरोबर चिरते, आणि तसेच दोनशे वर्षे चालते. तडा जिवंत आहे की मेलेला ते आधी बघा. तड्यावर आडवा, दोन बोटे रुंद प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ टिळा लावा, त्यावर तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. टिळा अखंड राहिला तर तडा चुन्याने भरून टाका. टिळा फुटला तर भरू नका, जोत्याखाली पाणी कुठून जाते ते शोधा. बहुतेक वेळा ते तुटलेल्या ड्रेनेजच्या पाइपातून जात असते.